कच्चे वाडगे

६ सप्टेंबर

आज धाकटीची खोली उघडली. कुलूप घट्ट बसलं होतं, तेल सोडावं लागलं. खिडक्या उघडल्या, झाडून काढलं. चाकावर तिनंच टाकलेली चादर आहे, ती तशीच राहू दिली. फळीवर वाडग्यांची एक ओळ – करडे, वाळलेले, अजून न भाजलेले. खाली नळाशी मातीची बादली. वर गढूळ पाणी, तळाशी चिखल, वास येतोय. ओतून टाकावी म्हटलं तर जागची हलेना.

ती गेल्यापासून त्या खोलीत इतका वेळ आजच थांबले.

संध्याकाळी समोरचा बाइंडर आला. महिनाअखेरीला गल्लीतल्या सगळ्या कारागिरांनी आपापली जागा लोकांसाठी उघडी ठेवायची आणि कामाबद्दल बोलायचं, असं ठरलंय. धाकटीची खोलीही हवीच म्हणे. बोलणार कोण, असं विचारलं तर माझ्याकडेच बघत राहिला. मी जन्मभर ऑफिसात फायली लावल्या, मातीतलं मला काय कळतं! तो म्हणाला, बहिणीबरोबर राहिलात ना, तेवढं पुरे.

बघू म्हटलं.

७ सप्टेंबर

मूर्खपणा केला. वाडग्यांवर धूळ होती म्हणून ओलं फडकं फिरवलं. धूळ गेली, तिच्याबरोबर वाडगाही निघायला लागला. बोटांच्या रेघा होत्या, त्या एका बाजूनं सपाट झाल्या. एकावरच थांबले ते नशीब.

फडकं धुतलेलं नाही.

१० सप्टेंबर

दातवाली आली होती. ही दातांची डॉक्टर, धाकटीकडे शिकायला यायची. हे नाव धाकटीनंच पाडलेलं. लोकांच्या तोंडात हात घालून कंटाळा आलाय, माती निदान आ तरी करत नाही, असं म्हणत पहिल्यांदा आली होती. दोघींचं तेव्हापासूनच जमलं.

फडक्याचं सांगितलं तर हसली नाही. कच्च्या भांड्याला पाणी लागलं की ते पुन्हा मातीच होतं, म्हणाली. बादली ओतायचीय म्हटल्यावर घाईनं म्हणाली, राहू द्या थोडे दिवस, आणि पाणी आटू देऊ नका.

मग ती फळीपाशी उभी राहिली आणि काहीतरी सांगायला लागली. पण मलाच बोलायचं होतं. म्हटलं, हे तिचं शेवटचं काम. बाकी सगळं विकून, वाटून संपलं. माझ्याकडे बशीसुद्धा नाही. हे भाजून घ्यायचे आणि घरात ठेवायचे. मला भट्टीतलं कळत नाही, तू करशील का?

तिनं एक वाडगा उचलला, रेघांवरून बोट फिरवलं, परत ठेवला. मग म्हणाली, "ताई, एकदा भाजलं की परत माती होत नाही. नीट ठरवून सांगा."

ठरलंय म्हटलं.

१४ सप्टेंबर

दुपारभर धाकटी आठवत होती. फळीवरचं वाळलेलं भांडं उचलायची, फिरवून बघायची, टिचकी मारायची आणि बादलीत सोडून द्यायची! बुडबुडे यायचे, कड ढासळायची. मी ओरडायचे: अगं, चांगलं होतं की ते!

"चांगलंच होतं. पण मला हवं ते नव्हतं."

आजारपणात हे फार वाढलं होतं. चाकावर बसायची ताकद नाही, तरी बसायची, आणि केलेलं आठवड्यानं पाण्यात. मी एकदा चिडून म्हटलं, एवढा जीव लावून करतेस कशाला मग? तर म्हणे, "ताई, तुझ्या हातात माती दिली तर तू तिची घडी घालून कपाटात ठेवशील." आणि खोकला येईपर्यंत हसत राहिली.

१८ सप्टेंबर

बाइंडरकडे सगळे जमले होते. मीही गेले. लोक हमखास विचारतात की तुम्हाला सुचतं कुठून, त्याचं उत्तर प्रत्येकानं तयार ठेवायचं. बाइंडर म्हणाला, शिवण उसवलेलं पुस्तक समोर आलं की सुचतं, नाही आलं तर झोप येते. खुर्च्या विणणाऱ्या मावशींना प्रश्नच पटला नाही. "सून सैल विणते, म्हणून मी विणते. लिहून घ्या." सून शेजारीच बसली होती. तीच सगळ्यात जास्त हसली.

माझी पाळी आली तेव्हा मी चहाचे कप गोळा करायला उठले. घरी परतताना आठवलं. एकदा मी बागेतल्या नळावर ओंजळीनं पाणी पीत होते, तर धाकटी मागून ओरडली – ताई, तशीच थांब! मी थांबले. पाणी गळून गेलं, कोपरापर्यंत भिजले, ही आपली वाकून वाकून माझे हात बघतेय. त्यानंतर ती फक्त वाडगेच करत होती. फळीवरचे तसेच आहेत: एका बाजूला कड जरा खाली, अंगठे टेकतात तशी.

हेच सांगेन.

२२ सप्टेंबर

दातवालीनं काल भट्टी लावली, आज उघडली. करडे वाडगे तांबूस होऊन आले. एकही तडकला नाही. फडकं लागलेला लगेच ओळखू आला.

तिचं अभिनंदन केलं. तिनं मान खाली घातली. दमली असेल.

२८ सप्टेंबर

झालं एकदाचं.

सकाळी बाइंडर आणि त्याच्या भावानं बादली ढकलत मागच्या अंगणात नेली. लोकांसमोर बरी दिसत नव्हती. चाकावरची चादर मी काढली. वाडगे टेबलावर मांडले.

लोक येत राहिले. सुरुवातीला नुसतं बोटानं दाखवत होते. मग वाडगा हातात घेतला आणि जमलं. ओंजळीची गोष्ट सांगितली. या रेघा तिच्या बोटांच्या, म्हटलं. इथे रेघ वाकलीय, इथे तिचा हात थरथरला असणार, तिला तेव्हा बरं नव्हतं. एक बाई रडायला लागली. एका म्हाताऱ्यानं विकत मागितला. नाही म्हटलं. पुन्हा पुन्हा तेच सांगितलं आणि कंटाळा आला नाही. इतकी मी कधी बोललेच नव्हते. आता घसा दुखतोय.

दातवाली दाराशी उभी होती. न सांगता गेली.

२९ सप्टेंबर

सकाळीच ती आली. बसली नाही.

"ताई, ते वाडगे माझे आहेत."

मला वाटलं, भाजून दिले म्हणून एखादा हवाय. म्हटलं, घे ना त्यातला एक.

"तसं नाही. मी केलेत ते. हा आकार त्या शिकवत होत्या. वाकलेली रेघ माझी आहे, मला जमत नव्हतं म्हणून."

मग हळूहळू सगळं सांगितलं. त्या दिवशी फळीपाशी हेच सांगणार होती. पण मला एवढं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं, तोंडातला शब्द तोंडातच राहिला. आणि काल लोकांसमोर तर शक्यच नव्हतं.

मी विचारलं, मग तिचे कुठे आहेत?

"त्यांनी ठेवलेच नाहीत. माझे ठेवायला लावायच्या, चुका दिसायला हव्यात म्हणून. त्यांचे सगळे पाण्यात सोडून दिले. म्हणायच्या, ताईची ओंजळ अजून येत नाही."

रागावले नाही. काय करणार रागावून? वाडगे वर्तमानपत्रात गुंडाळून तिला दिले. ती नको म्हणत होती. तुझे आहेत, ने म्हटलं. फडकं लागलेला तिनं परत टेबलावर ठेवला. "याला तुमचा हात लागलाय," म्हणाली.

ती गेल्यावर खोलीत जाऊन बसले. चाक, फळी, टेबल. धाकटीचं असं काहीच नाही.

३० सप्टेंबर

काही नाही. दिवसभर पडून होते.

१ ऑक्टोबर

सकाळी चहा गाळता गाळता आठवलं. तशीच उठून मागच्या अंगणात गेले.

बादली उन्हातच होती. पाणी आटलंय, वर भेगा पडल्यात. बोट घातलं. खाली अजून मऊ आहे. ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत खोलीत आणली, नळाशी होती तिथेच ठेवली. तांब्या सापडेना. ओंजळीनं पाणी घातलं.