गुहेतला शिल्लक उजेड

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

तुम्ही सगळे मजेत असाल. भावोजींना नमस्कार, दोघी मुलींना पापा. इकडे सर्व ठीक आहे. काम जोरात चाललंय, घरमालकीणबाईंनी अखेर जिन्यातला दिवा बदलला, आणि आई दर रविवारी फोन करून मी जेवले का ते विचारते, म्हणजे तीही ठीक आहे.

अक्षरं मोठी छापली आहेत आणि कागद पिवळसर घेतलाय, पांढऱ्यावर तुला चमक येते म्हणून. तेव्हा हे तू स्वतः वाच. मोठीला वाचायला बसवू नकोस. दिवसा, खिडकीपाशी बसून, सावकाश वाच.

आपण बोललो त्याला आता बरेच महिने झाले. शेवटचं बोलणं तुलाही आठवत असेल. मी नव्या नोकरीचं सांगत होते, की आम्ही बनवतोय त्या व्हिडिओ गेममध्ये गुहा खरोखरच्या अंधाऱ्या असणार, मशालीशिवाय पाऊल टाकता येणार नाही. तू म्हणालीस, "वा! मला दिवेलागणीनंतर दिसत नाही आणि तुम्ही त्याचाच खेळ मांडलात." मी म्हटलं, "ताई, सगळं तुझ्याभोवती फिरत नाही." तू फोन ठेवलास. मी आजही तेच म्हणेन, फक्त आवाज जरा खाली ठेवून.

कारण तो अंधार तुझा नव्हताच. आपल्या जुन्या खेळाचा होता. आठवतो ना, तलवारवाला आणि तीन डोक्यांचा राक्षस? खेळायचीस तू, आणि मी शेजारी नकाशा घेऊन. त्या गुहांमध्ये एक निळसर उजेड असायचा. जमिनीच्या पोटात, ना खिडकी ना दिवा, तरी भिंतीवरचं शेवाळ दिसायचं. मला तेव्हापासून त्या उजेडाचा राग. आणि तू म्हणायचीस, "टीव्हीचा उजेड वाढव गं, काही दिसत नाहीये." मी म्हणायचे, ही लबाडी आहे. तू म्हणायचीस, "अगं नकाशेवाली, डावीकडे की उजवीकडे तेवढं सांग आणि गप्प बस."

तर तो निळा उजेड मी मोडीत काढला. आमच्या खेळात नियम एकच: ज्या उजेडाला उगम नाही, तो नाही. मशाल धरायची तर ढाल खाली ठेवावी लागते, कारण हात दोनच. मशाल ओली झाली की पेटत नाही. उन्हातून गुहेत शिरलं की आधी काहीच दिसत नाही, मग डोळे सरावतात आणि एकेक कोपरा उमटायला लागतो. डोळे किती वेळात सरावतात, तेही मी बसवलंय. त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण नाही.

आमचे प्रमुख आधी तयार नव्हते. म्हणाले, "लोक राक्षस मारायला येतात, ठेचा खायला नाही."

"दोन-चार ठेचा खाल्ल्या की मशाल जपून वापरतील."

"आणि राक्षस दिसलाच नाही तर? आमच्या चित्रकारांनी त्याचे दात महिनाभर कोरलेत हो."

मी त्यांना मशाल घेऊन गुहेच्या वळणापर्यंत नेलं. ज्वाला हलली आणि फक्त दात दिसले. प्रमुख खुर्चीसकट मागे सरकले. मग घसा खाकरून म्हणाले, "ठेवा." तेवढा एक शब्द मला पुरला.

आता नियमाला एक अपवाद करावाच लागतो. पडदा पूर्ण काळा केला तर तो बंद टीव्हीच. म्हणून मशाल विझल्यावरही तळाशी किंचित काहीतरी ठेवतात. भिंत कुठे आणि वाट कुठे, एवढंच कळावं इतपत. आम्ही त्याला शिल्लक उजेड म्हणतो. तो किती ठेवायचा ते मी ठरवलं. त्यासाठी आमच्याकडे एक खोली आहे, भिंती काळ्या, दाराला जाड पडदा. आत गेल्यावर सगळ्यांनी गप्प बसून डोळे सरावू द्यायचे, मोबाइल काढला तर बाहेर. हा नियमही माझाच. तिथे बसून मी उजेड कणाकणाने वाढवत गेले, आणि मला भिंतीची कड दिसली तिथे थांबले. तोच आकडा सगळ्या गुहांना लावला.

एरवी मी सगळं यंत्राने मोजते. ही एक गोष्ट डोळ्यांवर सोडली. म्हटलं, शेवटी डोळ्यांनीच तर बघायचंय.

आमच्याकडे खेळातल्या चुका शोधणाऱ्या एक बाई आहेत. चाळिशीच्या पुढच्या, जाड चष्मा, तिखट जीभ. त्यांना सगळे घुबड म्हणतात आणि त्या ओ देतात. गेल्या महिन्यात त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, तुझ्या गुहेत लख्ख उजाडलंय."

"मशाल विझवली होती का?"

"घेतलीच नव्हती. ढाल घेऊन गेले, राक्षसाला लोळवला, परत आले. वाटेत भिंतीवरचे पोपडेही बघून आले. छान काढलेत."

"तुमचा पडदा बिघडला असेल."

"माझा बिघडला, शेजारचीचा बिघडला, प्रमुखांचाही बिघडला. एकटा तुझा तेवढा शहाणा."

मी उजेड मोजायचं यंत्र मागवलं. यंत्र घुबडाच्या बाजूने बोललं. मी दुसरं मागवलं. तेही फितूर निघालं. मग मी सगळ्यांना त्या काळ्या खोलीत बोलावलं, कारण मला खात्री होती. प्रमुख, दोघे चित्रकार, घुबड आणि मी. दाराचा पडदा ओढला, डोळे सरावू दिले, आणि घुबडाने मी ठरवलेला आकडा लावून गुहा उघडली.

"दिसतंय?" त्यांनी विचारलं. एकेक जण हो म्हणाला. मीही म्हणाले.

"तुला काय दिसतंय?" हे फक्त मला.

"खांब. खांबाच्या डावीकडे कवटी. कवटीमागे मोडकी शिडी."

ताई, मी खोटं बोलत नव्हते. मला ते समोर होतं. ती गुहा मी इतक्या वेळा उजळली आणि विझवली होती, की त्यातला दगडनदगड मला पाठ होता.

मग घुबड म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, "कवटी मी सकाळीच काढली गं. शिडीपण. तिथे आता एक अख्खी होडी आहे."

गुहेत होडी. सगळ्यांना दिसत होती. शिडाची होती म्हणे.

त्या क्षणी मला आपली बैठकीची खोली आठवली. तू दिवा न लावता घरभर फिरायचीस, पाण्याचा पेला घेऊन, कशालाही न धडकता, आणि आई कौतुकाने सांगायची की हिला अंधाराची भीती म्हणून नाही. मग एका संध्याकाळी बाबांनी पंखा पुसायला खुर्ची मधोमध ओढली आणि तिथेच विसरले. तू खुर्चीसकट पडलीस. बाबा म्हणाले, "एवढी मोठी खुर्ची दिसली नाही?" तू गुडघा चोळत म्हणालीस, "पण खुर्ची तिथे नसते ना." आपण सगळे हसलो होतो, तूसुद्धा. मग डॉक्टरांकडे फेऱ्या झाल्या, तुझ्या आजाराला नाव मिळालं, आणि धाकटीलाही तपासून घ्या असं ते म्हणाले. मी म्हटलं, मला व्यवस्थित दिसतं.

हे मी आतापर्यंत लिहायचं टाळलं, कारण तपासणीआधी काही ठरवणं शिस्तीत बसत नाही. अजूनही काही ठरलेलं नाही. पण जिन्यातल्या दिव्यासाठी मीच मालकीणबाईंच्या मागे लागले होते. बाकीच्या भाडेकरूंना तो जुना दिवा पुरत होता. आणि उतरताना मी पायऱ्या मोजते. हे गेल्या महिन्यात सुरू झालं असं मला वाटलं होतं. नीट आठवल्यावर लक्षात आलं, मी इथे राहायला आले तेव्हापासून मोजतेय.

दुसऱ्या दिवशी प्रमुखांना भेटले आणि सरळ सांगितलं. तळाचा आकडा यापुढे घुबड आणि यंत्र मिळून ठरवतील. बाकीचा उजेड माझा.

"मशाली?" त्यांनी विचारलं.

"मशालीला माझे डोळे लागत नाहीत. ती कुठे आहे, किती जळतेय, भिंत किती लांब आहे, एवढं कळलं की पुरतं. ते गणित आहे, आणि ते मला इथे सगळ्यांपेक्षा चांगलं येतं."

"मग अडलंय कुठे?"

"कुठेच नाही."

"झालं तर. फक्त तो निळा उजेड परत आणू नका, आता माझ्याही डोळ्यांत खुपतो." असं म्हणून ते जेवायला गेले.

म्हणजे काम सुटलेलं नाही आणि मी ते सोडणारही नाही. उलट एक नवीन काम मीच मागून घेतलंय. ज्यांचे डोळे अंधाराला सरावतच नाहीत, त्यांनाही हा खेळ खेळता आला पाहिजे. सगळे जण अशा वेळी नुसता उजेड वाढवतात, जसं तू टीव्हीचं करायचीस. त्याने दिसत काही नाही, सगळा राखेसारखा चिखल होतो. मी उजेडाला हात लावलेला नाही. पायरीची आणि उंबऱ्याची कड तेवढी हलकी उठवली आहे, आणि पाणी ठिबकण्याचा आवाज असा बसवलाय की गुहा अरुंद की रुंद ते कानाला कळावं. माझ्या डोळ्यांना हे पुरतं. पण माझे डोळे फार तर सुरुवातीला असतील. मला पुढे गेलेलं माणूस हवं, जे तोंडावर सांगेल की हे बरोबर आहे, हे थापा आहेत. तशी मला एकच व्यक्ती माहीत आहे, आणि ती फार फटकळ आहे.

माझी तपासणी पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी आहे. डोळ्यांत थेंब घालतात, नंतर काही वेळ उन्हात डोळे उघडवत नाहीत, म्हणून कुणाला तरी सोबत आणा म्हणाले. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "कोण येणार?" मी म्हटलं, बहीण. तुला न विचारताच म्हटलं. मग सगळं खरं सांगावं म्हणून तुझ्या डोळ्यांचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "पण त्यांना तुम्हाला नीट नेता येईल ना?" मी म्हटलं, "दिवसा, समोरचं, तिला उत्तम दिसतं. आणि रागावलेली असली तर जरा जास्तच."

आईला अजून सांगितलेलं नाही. मोठीला वाचायला देऊ नकोस म्हटलं ते यासाठीच, ती आजीला फोनवर सगळं सांगून टाकते. निकाल हातात आला की आपण दोघी मिळून सांगू. तू शेजारी असलीस की मला वाक्य नीट जुळवता येतं.

मी घाबरलेली नाही. असं लिहिलं की तू हसशील, म्हणून खोडत नाही, हस.

आदल्या दिवशी, बुधवारी दुपारच्या गाडीने ये, म्हणजे उजेडात पोचशील. मी स्थानकावर असेन, निळा कोट घालून, घड्याळाच्या खाली. हललेली नसेन. गुरुवारी परतताना मी डोळे मिटून चालेन. डावीकडे की उजवीकडे, ते या वेळी तू सांगायचं.

तुझीच,
नकाशेवाली