राबाखालची माती

पुणे, ४ एप्रिल २०२५

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

एवढं शिकून मी करते काय, असं तुम्ही मागे विचारलंत, तर ऐका. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. त्यांच्यात आम्ही थोडा फेरफार करतो, मग ते साखर खाऊन अवकाशयानाचं इंधन बनवतात. हसू नका. आमचा जीव इंधन बनवतो खरा, पण दोन दिवसांत दमतो. दणकट जातीचा हवाय, म्हणून आपल्या शेतातली मूठभर माती पाठवा. महिनाअखेरीस जमलं नाही तर काम बंद आणि मी कायमची घरी. आईला म्हणावं, भाकऱ्या थापायला लाग.

लोभ आहेच, पातळ होऊ देऊ नका.

तुमची रुचिता

मुरबाड, ९ एप्रिल

चि. रुचिता, अ. उ. आ.

माती चाळून, खडे काढून सोबत धाडलीय. शहापूरच्या आत्याला सांगितलं, पोर किड्यांकडून रॉकेटचं तेल काढते. ती म्हणते, आमच्या सुनेकडून कपभर चहा निघत नाय. आईनं कपाटात तुझा कप्पा रिकामा केलाय. इकडं पालापाचोळा, शेण पसरून राब भाजायचं चाललंय, मंग त्यातच भाताचं बी पेरायचं. म्हणून घाईत लिहितो.

तुझा बाबा, जयराम

पुणे, १७ एप्रिल

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

सहा दिवस वाट पाहिली. तुमच्या मातीतून एकही जीव उगवला नाही. खोटं कशाला सांगू, काल खूप रडले. ती भाजलेल्या राबातली तर नव्हती? घाईत चुकलं असेल, मी रागावले नाही. न भाजलेली असेल तर लगेच पाठवा, अजून वेळ आहे.

माया असू द्या.

रुचिता

मुरबाड, २० एप्रिल

चि. रुचिता, अ. उ. आ.

चुकून नाय झालं गो. राब भाजला का तणाचं बी, किडामुंगी, सगळं मरतं, हे मला लहानपणापासून ठावं. राख झटकून तिथलीच माती मी उचलली. तू कायमची घरी येशील, हे वाचलं आणि माझी बुद्धी फिरली. आईला यातलं काय ठावं नाय. तू रडलीस, हे वाचून घास उतरला नाय. लय लाज वाटली.

ही ओढ्याकडच्या बांधाखालची माती. तिला कधी आग लागली नाय. आता पोस्टात चाललोय. पाकिटावर शिक्का पडेस्तोवर खिडकीपासून हलणार नाय, माझा मलाच भरवसा नाय.

रागव, पण माया तोडू नको.

तुझा बाबा