हातावरचं दही

४ जानेवारी
मॅडमनी ऑफिसात बोलावलं. राधाचं दत्तक जायचं ठरलं. साताऱ्याचे हायेत, नवरा-बायको दोघं नोकरीला, लेकरू न्हाई. महिनाअखेरीला न्यायला येणार. मॅडम म्हणल्या, "मावशी, आता तिला तुमच्यापासून जरा सुटी करा." सुटी करा म्हणं. ती काय खुंट्याला बांधलेली शेळी हाय? चार दिसांची आश्रमात आली तवापासून माझ्या कुशीत झोपलेली पोर. आता साडेचार वर्षांची हाय.
बरं म्हणलं नि बाहेर आले. धुतलेल्या चादरी परत भिजायला घातल्या. कुसुम सैपाकघरातून बघत हुती.

७ जानेवारी
साताऱ्याहून फोटोंचा अल्बम आला. रोज दाखवायचा, ही आई, हे बाबा. राधा म्हणली, "आईला चष्मा हाय. पडला तर?" मी म्हणलं, पडला तर उचलंल. लगेच दुसरा सवाल, "मावशी, तू बी येणार?"
उगंच जाऊन टाकीचा नळ बघून आले. नळाला काय झालंय.

१२ जानेवारी
भावाकडं नांदूरघाटला जाऊन आले, एक रात्र. निघताना कुसुमनं हातावर दही दिलं. राधानं नेहमीसारखा माझा तळहात चाटला आणि गप खेळायला गेली.
ही सवय मीच लावलेली. बारकी हुती तवा मी सुट्टीवर निघाले की रडून गाव गोळा करायची. मग मी सांगितलं, दही खाऊन गेलेलं माणूस परत येतंच. आणि मी येतच गेले. आता समद्याच पोरांना ते पक्कं झालंय. राधाला तर लईच.
भावाकडं मन लागलं न्हाई. वहिनीनं तिळाच्या पोळ्या केलत्या. अर्धी खाल्ली. म्हणली, "कावून जेवत न्हाई?"

१३ जानेवारी
सकाळपासून डोक्यात एकच. जायच्या दिवशी राधा हात पुढं करणार. द्यायचं का न्हाई?
यशला दिलतं. मागल्या साली तो दत्तक गेला तवा मीच हौसेनं दिलं. दोन महिन्यांत त्या लोकांनी परत आणून सोडला. जमंना म्हणले. पोर भिंतीकडं तोंड करून बसलं, धड जेवंना. कुसुम म्हणली, "अक्का, तुमचं दही लागलं त्याला." हसत म्हणली, पण म्हणली. पुढं त्याला दुसरं घर मिळालं, बरा हाय म्हणं. तरी ती पाठ डोळ्यांपुढून जात न्हाई.
मॅडम म्हणत्यात असलं काही नसतं. मला बी ठाऊक हाय नसतं. तरीबी राधाला देणार न्हाई. ठरलं.

१९ जानेवारी
साताऱ्याचा व्हिडिओ कॉल. राधा माझ्या पदरामागं लपली. मॅडमनी असं बघितलं की मीच तिला वढून धरलंय.
धरलंय का? न्हाई. काय की.

२८ जानेवारी
आले. बाई उंच, किडकिडीत, बोलणं हळू. मला म्हणली, "ताई, झोपताना हिला काय लागतं?" मी म्हणलं, "काय न्हाई. झोपती." लई तुसडं बोलले. ती बिचारी बरं म्हणली.
दुपारी ती बाई राधाची वेणी घालत हुती. एक इकडं, एक तिकडं. राधा हललीबी न्हाई. माझ्याकडं विंचरायला बसली की दहा वेळा पळती. मग बाईच्याच हातानं वरणभात खाल्ला. मला बरं वाटायला पायजे. वाटलं न्हाई.
सांजच्याला बाईला बाजूला घेतलं आणि सांगितलं, माझ्या कानाची पाळी धरून झोपती, तुमची धरू द्या. बाईनं माझा हात धरला. सोडवून घेतला, काम हुतं म्हणून.

३० जानेवारी
गेली.
मांजरसुंब्याच्या घाटात तिला उलटी होती म्हणून लिंबू, पिशवी, टॉवेल समदं बाईजवळ दिलं. राधा नवे बूट घालून पायरीवर. समद्यांसमोर हात पुढं केला, "मावशी, दही."
मी तयारीतच हुते. स्टीलच्या डबीत विरजण घालून ठेवलतं. ती बाईच्या हातात दिली. म्हणलं, "तुमच्या घरी लावा. शाळंत जाईल, कुठं बी जाईल, निघताना तुमी हातावर द्या. म्हणजे तुमच्याकडंच परत येईल." बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हणलं, वा सत्यभामा, बरं सुचलं तुला.
राधा तसाच हात पुढं करून उभी. म्हणली, "पण मी तर इथनं चाललीय ना?"
तिची मूठ मिटवली, मुका घेतला, गाडीत बसवलं. मग पायरीवरच बसून रडले. मॅडमसमोर. रडू दे.

२ फेब्रुवारी
नवीन बाळ आलंय, अशक्त. मॅडम म्हणल्या तुमीच घ्या. घेतलं. रडतं लई. त्याला काय ठाऊक माझं.

६ फेब्रुवारी
बाईचा फोन. मॅडमनी स्पीकरवर लावला. राधा जेवते, झोपते, बाबांच्या खांद्यावर बसून गच्चीवर फिरते. मी हुश्श केलं.
मग बाई म्हणली, विरजण छान लागलं. पण राधा रोज सकाळी स्वतःच हातावर दही घेते, बूट घालते आणि दारात बसते. रडत नाही, हट्ट नाही. विचारलं तर म्हणते, हे मावशीचं दही आहे, आता मावशीकडं परत जायचं. "ताई, आम्ही लाख समजावलं. पटत नाही तिला. तुम्ही सांगाल का?"
खोटं कशाला लिहू. ऐकून आधी आनंद झाला. पोटातून झाला. मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईचा आवाज लई थकलेला हुता.
मॅडम म्हणत्यात, बोला, तुमचंच ऐकेल ती. काय बोलू? दह्यानं कुणी येत न्हाई, मी येत हुते ते तुझ्यासाठी येत हुते, असं सांगू? ती म्हणणार, मग आता ये की.
उद्या सकाळी फोन लावणारेत, ती बूट घालायच्या आत.