मिरी कोणाकडे रमली

बिरवाडी
४ जानेवारी २०२५

सौ. सोनाली वहिनीस,
सा. न. वि. वि.

वाडीत रेंज नाही, म्हणून ही चिठ्ठी सुनीलच्या दुधाच्या टेम्पोतून पाठवते आहे. कंपनीत देखभालीसाठी यंत्रं बंद ठेवतात, ते शटडाऊन सुरू झालं. मीटर, व्हॉल्व्ह सगळं उघडून तपासायचं काम माझ्याकडे आहे, खोलीवर मी फक्त झोपायला येते. मांजराची जात, दिवसभर एकटी राहिली की मिरी कंटाळून गादी फाडते. म्हणून ती दीड महिना तुझ्याकडे.

ती भुकेली नसते, रिकामी असते. हा फरक लक्षात ठेव. खाणं एका ताटलीत देऊ नकोस. थोडं टोपलीत, थोडं पायरीखाली लपव, तिला शोधू दे. सकाळ-संध्याकाळ काठीला दोरीने पीस बांधून खेळव. शेवटी पीस तिला पकडू दे आणि लगेच खायला घाल, नाहीतर ती चिडते. खिडकीशी बसायला उंच जागा कर. मांडीवर मात्र घेऊ नकोस. तिला सवय नाही.

आईला नमस्कार. तुझा लोभ माझ्यावर असू दे, मिरीवर बेताचा पुरे.

तुझी
अपेक्षा

वरची वाडी, ता. पोलादपूर
१२ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी आईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, लेकाला मुंबईला धाडला तेव्हा मी एवढं सांगितलं नव्हतं.

सांगितलंस तसं सगळं करते. करवंटीत सुकट घालून वर फडकं बांधते, मग बाईसाहेब ते सोडवत बसतात. पीस तर घरचंच हाय, आपल्या लाल कोंबड्याचं. त्यावर अशी झेप घेते की आईसुद्धा जपाची माळ बाजूला ठेवून बघतात. मांडीवर बसायची सवय नाय म्हणतेस, मग मी चुलीपुढं बसले की हिला माझी मांडी बरी सापडते गो!

तुझी आठवण काढत नाय, तेव्हा निवांत काम कर. तुझा दादा मुंबईत, आई दिवेलागणीला आडव्या होतात. घरात बोलायला कुणीतरी झालं.

जेवत जा. आमच्यावर माया आहे ती ठेव.

तुझी वहिनी
सोनाली

बिरवाडी
१७ जानेवारी २०२५

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. प्रगती समाधानकारक आहे.

सुकट खारी असते, धुऊन देत जा. तोच खेळ रोज नको, आलटून-पालटून दे. आणखी एक विचारायचं होतं. मी दार उघडलं की ती घशातून एक बारीक आवाज काढते. म्याऊ नव्हे, वेगळा. तो ती तुझ्यासाठी काढते का? केवळ माहितीसाठी विचारते.

२६ तारखेला सुट्टी आहे, तेव्हा येते. माझ्या वाटणीचा लोभ तोवर कुणाला देऊ नकोस.

तुझी
अपेक्षा

बिरवाडी
२८ जानेवारी २०२५

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

परवा मी तुला न विचारता मिरीला पिशवीत घातलं आणि घेऊन आले. तू पडवीत पाठ करून उभी राहिलीस, तेव्हा बोलणं झालं नाही. ते इथे लिहिते.

मला पाहून मिरी तुझ्या पायामागे लपली. त्यानंतर शेजारच्या ठमाबाई आल्या आणि मिरीने त्यांचं कोंबडीचं पिल्लू नेल्याचं सांगून गेल्या. पीस बांधायला मीच सांगितलं होतं. माझ्या खोलीत कोंबड्या नाहीत आणि तुझ्या अंगणात आहेत, हे मला सुचलं नाही. चूक माझी. पण तू मला कळवलं नाहीस.

आईने आणखी एक सांगितलं. आल्यावर पहिले काही दिवस मिरी काही न खाता उंबऱ्यावर बसून होती. तू तर लिहिलंस, आठवण काढत नाही. ती उपाशी होती हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. बरं वाटलं.

आता ती इथे दाराशी बसली आहे. काठीकडे बघत नाही, खात नाही. तुझ्यासारखी हाक मारून पाहिली, तिने कानही हलवला नाही. काय केलं की ती खाते, ते कळव. हे विचारणं मला सोपं नाही. राग असला तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझी
अपेक्षा

वरची वाडी
३१ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

पिल्लू मिरीनंच नेलं. ठमाबाईंना मी माझ्यातलं एक पिल्लू दिलं आणि म्हटलं, आमच्या अपेक्षाला बोलू नका. तर बाईनं तुझ्याच पुढ्यात तोंड उघडलं! तुला पिल्लाचं कळवलं असतं, उपाशी बसल्याचं कळवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी टेम्पोत बसून आली असतीस आणि घेऊन गेली असतीस. म्हणून नाय कळवलं. परत वेळ आली तरी नाय कळवणार.

ती तुझ्या दाराशी उपाशी बसलीय हे वाचून आई हळहळल्या. मी उठून चहा केला, साखर जरा जास्त टाकून. तुला बरं वाटलं ना, तसंच मला वाटलं.

पण मुक्या जनावरानं आपल्या दोघींच्या पायी का झुरावं? तुझी बहीण समीक्षा माहेरी येतेय, ती आईंजवळ राहील. मी सोमवारी येते. तुझं शटडाऊन संपेपर्यंत राहीन. तू कामावर जा, मी तिला खेळवते. पीस नको आता, सुतळीला कागद बांधू.

माझ्यावरचा राग संपला असेल तर माया कर, नसेल तर येईपर्यंत संपव.

तुझी वहिनी
सोनाली

ता. क. मी आले की दार तू उघड. मी बाहेरून हाक मारणार नाय, तेवढं तुझ्यासाठी करीन. पण ती आपणहून माझ्याकडं आली, तर तोंड पाडायचं नाय.