एका दारात एकच पाटी

३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यातला शंख, दोन्ही पोचले. शंख फुटलेला होता, पत्रही जवळपास तसंच. तू सध्या बंदरावर बोटींचा जुना रंग खरवडतेस एवढं कळलं. जेवतेस का, ते लिहायला विसरलीस.

इकडची बातमी मोठी आहे. शहरातल्या नाटकगृहाने मला त्यांच्या शिवणखात्याची प्रमुख म्हणून बोलावलंय. बाबांच्या आजारपणात अशी संधी एकदा सोडली. आता सोडायची नाही. ते जागा एप्रिलच्या मध्यापर्यंत राखून ठेवतील. पण हे घर विकल्याशिवाय तिकडे डोक्यावर छप्पर कुठून आणू? म्हणून बागेत 'घर विकणे आहे' अशी पाटी लावली. आपल्या गावात घरं पाटी वाचूनच विकली जातात, तुला माहीतच आहे.

आणि शेजारचे आपले काका आडवे आले. ते पुन्हा नगरपालिकेला उभे आहेत. मी कामावर गेलेली बघून त्यांनी माझ्या गुलाबाच्या वाफ्यात स्वतःची पाटी रोवली. 'आपलं गाव सोडायचं नाही!' घरचंच अंगण, विचारायचं काय त्यात, असं काकूला म्हणाले म्हणे. दुसऱ्या दिवशी पालिकेचा पाट्यांचा निरीक्षक आला आणि माझी पाटी उपटून घेऊन गेला. नियम असा, की एका दारात एकच पाटी, आणि निवडणुकीत उमेदवाराच्या पाटीला पहिला मान. ती काढायची तर उमेदवाराचीच सही लागते. पाट्यांच्या समितीचे अध्यक्ष कोण, हे सांगायला नको.

मी भांडायला गेले, तर चहा दिला आणि म्हणाले, मतदान होऊ दे, मग बघू. मतदान आठ एप्रिलला. मग काय, आठवड्यात घर विकू?

वेळेवर जेव. माया आहे, ती गृहीत धर.

तुझी ताई

---

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी एवढ्याने ओरडले, की मुकादमाला वाटलं, बोटीखाली माझा हात सापडला. सापडला असता तरी एवढा राग आला नसता.

गाव सोडायचं नाही म्हणे! ज्यांची स्वतःची दोन्ही मुलं मिसरूड फुटायच्या आत पळाली, ते गावाला उपदेश करणार. ज्या माणसाला आपल्या चपला कुठे काढल्या ते सापडत नाही, तो लोकांना कुठे राहायचं ते सांगतो. आणि तुझा तो निरीक्षक! शिकूनसवरून मोठा झाला, आईबापांनी पेढे नाहीत तरी साखर वाटली असेल, आणि करतो काय, तर लोकांच्या बागेतल्या फळ्या उपटतो.

फळ्यांवरून आठवलं. इथे एका बोटीवर मागच्या निवडणुकीतल्या कुणाची तरी पाटी उलटी ठोकलीय, तिच्यावर रोज मासे चिरतात. खालून वाकून बघितलं तर अजून हात जोडून हसतोय. माणूस पडला, पाटी तेवढी कामाला आली. त्या बोटीवरचा स्वयंपाकी बासरी वाजवतो, भयानक वाजवतो, पण ते पुढच्या पत्रात.

मुद्दा काय होता? हां. मी काकांनाही पत्र टाकलंय. शिव्या नाहीत घातल्या, घाबरू नकोस. लिहिलं, की काका, तुमचे नियम इकडे बंदरावरही नावाजतात, मी पडले कमी शिकलेली, जरा सगळे समजावून सांगाल का? त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, की वरून सगळं दिसतं ते ओरडून सांगतात.

तोवर त्यांच्या पाटीला हात लावू नकोस. शेजारच्या कुत्र्याला मात्र कोणाची सही लागत नसेल.

राग असू दे, लोभही राहू दे.

तुझी भिंगरी

---

१४ मार्च

चि. भिंगरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले. उशिरा का होईना, तुला शिस्तीची गोडी लागली याचे समाधान वाटले. तुझ्या वडिलांनी हे पाहायला हवे होते.

पाटी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पाट्या माजल्या की गाव माजते. म्हणून एका दारात एकच पाटी. उद्या कोणी विरोधक माझ्याच फाटकात पाटी रोवून थट्टा करील, हे ओळखून मी आणखी एक कलम घातले. उमेदवार ज्या घरात राहतो, तेथे फक्त त्याचीच पाटी राहील. दुसऱ्या उमेदवाराची असल्यास पालिकेने ती तत्काळ काढावी. शिवाय उमेदवाराच्या पाटीवरील मजकुरात कोणी ढवळाढवळ करू नये, हेही माझेच. समितीत कोणाला हे सुचले नव्हते. सगळे बिस्किटे खात होते.

तुझ्या ताईचे म्हणशील, तर माझी सख्खी पुतणी बोचके बांधते आहे, हे मतदारांनी माझ्या घोषणेशेजारी वाचावे काय? मुलीच्या जातीला शहरात कोण ओळखते? तिला तू समजाव.

काकूंचा आशीर्वाद. आदर ठेवशील, ही खात्री.

तुझे काका

---

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

काकांचं पत्र आत घातलंय. शेवटून वाचू नकोस, डोकं फिरेल. मधलं वाच. मी ते भांडी घासता घासता वाचलं आणि एक बशी फोडली. मुकादमाशी माझं वाजलं, आता मी पलीकडे जाणाऱ्या फेरीबोटीवर आहे, पण ते सोड.

ताई, तू उभी राहा.

हसू नकोस. काकाच सांगतायत, की उमेदवाराच्या घरासमोर फक्त त्याचीच पाटी. तू उमेदवार झालीस, की त्यांची पाटी तुझ्या गुलाबातून त्यांच्याच माणसाला उपटावी लागेल. आणि तुझ्या पाटीवर तू काय लिहितेस, त्यात ब्रह्मदेवही बोट घालू शकत नाही. पत्र्याच्या पाट्यांवर लोक काय काय लिहितात! रस्ते, दिवे, स्वर्ग. तू घर लिही. तुझं घर निदान खरोखर आहे तरी, काकांनी कबूल केलेल्या उद्यानाला आठ वर्षं झाली, अजून तिथे एक झाड आणि त्याला बांधलेलं गाढव आहे. बरं होतं बिचारं गाढव. त्याला उभं केलं असतं तरी आलं असतं निवडून.

अर्ज शुक्रवारपर्यंत घेतात, फेरीबोटीच्या कारकुनाने वर्तमानपत्रात वाचून सांगितलं. भाषण करायचं नाही, हार घालून घ्यायचे नाहीत. सही कर आणि ये. काका विचारायला आले, तर चहा दे आणि म्हण, मतदान होऊ दे, मग बघू.

लोभ शिल्लक असेल तर तो पणाला लाव.

भिंगरी

---

२९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

अर्ज भरला. निरीक्षक आला, कागद वाचला, कपाळाचा घाम पुसला आणि काकांची पाटी काढली. कुंपणापलीकडे काका उभे. नियम दाखव म्हणाले. निरीक्षकाने दाखवला. खाली त्यांचीच सही. काकू आत पळाल्या, पण मला हसू ऐकू आलं.

माझी नवी पाटी अशी: 'मला मत देऊ नका. मी गाव सोडते आहे. घर विकायचं आहे, आत येऊन बघा.'

काकांनी निरीक्षकाला पाटीची लांबीरुंदी मोजायला धाडलं. नियमात बसली. पुन्हा धाडलं. तेव्हा तो जरा घुटमळला आणि म्हणाला, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे का? नंतर काकांनी न धाडताच आला, बायकोला घेऊन. तिने नळ सोडून बघितले, माळ्यावर चढली, मला चुलत सासूची सगळी गाऱ्हाणी सांगितली. त्यांनी घर घेतलं गं! कागद झाले. तू त्याला नावं ठेवलीस, माणूस वाईट नाही, फक्त ज्याचं खातो त्याचंच ऐकतो.

आता भीती एकच. अर्ज मागे घ्यायची मुदत तर केव्हाच गेली. लोक फाटकाशी थांबतात, पाटी वाचून खिदळतात आणि म्हणतात, बाई, खरं बोलणारा उमेदवार पहिल्यांदाच बघितला, मत तुम्हालाच. मी नको नको म्हणते. जितकं नको म्हणते, तितके जास्त येतात.

जेवतेस का, ते याही पत्रात नव्हतं. माया गृहीत धरायची सवय लागलीय तुला.

ताई

---

९ एप्रिल

चि. भिंगरी हिस,
अनेक आशीर्वाद.

निकाल तुला कळला असेल. तुझी ताई निवडून आली. मी दुसरा. गावाची बुद्धी गहाण पडली आहे, असो.

निवडून आलेली व्यक्ती शपथेआधी गाव सोडून गेल्यास ती जागा दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास मिळते. हे कलम जुने आहे, माझे नाही. तुझी ताई आता बोचके बांधायचे नाव काढीत नाही. लोक येऊन तिला राहा राहा म्हणतात. हे बरे नव्हे. हाती आलेली नोकरी मुलीने लोकांच्या नादी लागून सोडू नये, तिच्या प्रगतीच्या आड कोणी येऊ नये, असे माझे पहिल्यापासूनचे मत आहे. शहरात माणसाचे चीज होते. तू तिला लिही. तारच कर.

तुझे काका

---

१६ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र नाटकगृहाच्या शिवणखोलीतून लिहिते आहे. शेजारी एका राजाचा अंगरखा पडलाय, काखेत फाटलेला.

तुझी तार मिळाली. 'काका सांगतात जा म्हणून राहू नकोस' एवढीच. तारेतसुद्धा कोड्यात बोलतेस. पण खरं सांगते, माझं मन डळमळलं होतं. शाळेतल्या शिपाईणबाई येऊन रडल्या. त्या खुर्चीत एकदा बसावं आणि काकांचं तोंड बघावं, असं फार वाटलं. मग रात्रभर विचार केला, की एका माणसाचं तोंड बघायला मी बाबांच्या मागे उरलेलं आयुष्य तिथे घालवू? सकाळी ट्रंक बांधली.

ती ट्रंक काकांनी उचलली. स्वतः. वाटेत कोणी मला थांबवायला आलं, की गाडी चुकेल हो, म्हणत त्याला बाजूला सारत होते. पाठ धरली तरी हमालाला देईनात. डब्यात जागा त्यांनीच धरली, पाण्याची बाटली भरून आणली. बाबा गेल्यापासून हा माणूस मला दररोज 'जाऊ नकोस' म्हणत आला. कधी प्रेमाने, कधी दटावून. मला वाटलं, आता गाडी सुटली, आता म्हटलं तरी काही बिघडत नाही, उगाच एकदा म्हणतील. मी खिडकीतून मान काढून बघत राहिले.

ते स्टेशनमास्तरांना विचारत होते, ही मधे कुठे थांबत तर नाही ना.

माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, भिंतीकडची. कधी येतेस ते कळव, आणि जेवून ये.

तुझी ताई