मधाच्या पेट्यांपर्यंत विजेची वॅगन

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार. मामीचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे बरे आहोत. बाबांच्या कमरेचं पुढे येईलच.

जुनी जीप देऊन उंच केलेली विजेची वॅगन घ्यावी का, ती टेकडीवर तुमच्या मधाच्या पेट्यांपर्यंत पोचेल का, असं तुम्ही मला विचारलंत. (घरात शिकलेली मी एकटी, म्हणून मला गाडीतलंही कळतं असं सगळ्यांनी धरून ठेवलंय.) सोमवारी तुम्हाला शोरूमला शब्द द्यायचाय, म्हणून शोरूमची गाडी चालवून बघायला मागितली आणि बाबांना घेऊन टेकडीवर नेली. त्याआधी माहितीपुस्तक दोनदा वाचलं, शिवाय गाडीखाली झोपून पट्टीने मोजलं. उंच केली म्हणजे तीन बोटं! सेल्समन म्हणाला, "मॅडम, आजवर असं कुणी मोजलं नाही." मी सॉरी म्हटलं.

चढ तिने असा घेतला की बाबा हसायलाच लागले. ना आवाज, ना धूर. ओढ्यापाशी मात्र मी थांबले, कारण किती खोल पाणी चालतं ते पुस्तकात सेंटिमीटरमध्ये दिलंय. पँट दुमडून चार जागी पट्टी बुडवली. बाबा आतून ओरडले, "अगं, ओढा ओलांडायचाय, त्याला कपडे शिवायचे नाहीत!"

ओढा झाला. पुढे दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकलं आणि चारही चाकं अधांतरी. (चार नाही, दोन. घाबरल्यामुळे आधी चार दिसली.) पोटात बॅटरी, म्हणून पहार लावायला मी मनाई केली, बाबांनी खांदा लावला, कंबर गेली ती तेव्हा. शेवटी खाणीवरच्या ट्रॅक्टरवाल्याने ओढून काढलं. म्हणाला, "ताई, कधीचा बघतोय, पण गाडीचा आवाज नाही, म्हटलं तुम्ही डबा खात बसलाय."

तर माझं प्रामाणिक मत: रस्ता कच्चा असेल तर गाडी उत्तम, रस्ताच नसेल तर नाही. पेट्यांसाठी जीपच ठेवा.

तुमची भाची

ता. क. हे लपवलं तर मला झोप लागणार नाही. शोरूममध्ये ती एकच गाडी उरली आहे आणि ती मला हवी आहे. (माझ्या ऑफिसपर्यंत डांबरी रस्ता आहे.) तेव्हा वरचं मत पुन्हा एकदा संशयाने वाचा. मापं मात्र खरी आहेत.

ता. क. २. बाबा म्हणतात, "तुझ्या मामाला नको असलेली गाडी आपल्याला कशाला?" रविवारी येऊन त्यांना एवढंच सांगा, की गाडी तुम्हाला फार आवडली होती, पण भाचीसाठी सोडली. (खोटं बोलायचं नाही. आधी एक चक्कर मारून खरंच आवडून घ्या.)