चांदीचे डोळे

दारव्हा,
ता. २२ मार्च १९५९

दादांस देवरावचा जयभीम.

‘तीर्थरूप’ लिहिण्याची सवय तुम्हीच मोडलीत, तेव्हा नुसतं दादा. वहिनींना आणि मुलांना आमचा जयभीम सांगा. इकडे शाळेची परीक्षा जवळ आली आहे. माय ठीक आहे. तुमचं नाव निघालं की अजून तोंड फिरवते.

माझ्या सत्यशीलेला देवी आल्या होत्या. रोगाला दुसरं नाव नाही, म्हणून तेच लिहितो. टोचलेलं होतं, पण ते उठलं नव्हतं. आता ताप नाही, खपल्या पडल्या, पेज पोटात ठरते. इंदू पोटच्या पोरीच्या उशाशी बसून असते. पोरीचा जीव वाचला. डोळ्यांचं लिहायचं म्हणून बसलो होतो, आणि दुसरंच लिहितो आहे.

माझा सुईचा प्रयोग आठवतो का? दीक्षा घेऊन आलो त्या हिवाळ्यात, आर्णीला तुमच्या ओट्यावर. परातीत पाणी घेतलं, सुई केसांतून फिरवून तेलकट केली आणि अलगद आडवी ठेवली. लोखंडाची सुई तरंगली. वहिनी म्हणाल्या, “जादू करून राह्यले का भाऊजी?” मास्तराला तेवढंच निमित्त पुरतं. लागलो सांगायला: पाण्याच्या आतल्या कणाला चारी बाजूंनी शेजारी ओढतात. वरच्या थरातल्या कणांच्या डोक्यावर कोणीच नसतं. म्हणून ते बाजूच्यांना घट्ट धरतात आणि पाण्यावर एक ताणलेलं पांघरूण तयार होतं. सुई त्याच्यावर निजते. याला पृष्ठताण म्हणायचं.

तुम्ही हसून म्हणालात, “हे त आपल्यावाणीच झालं. वर कोनी नाही, त एकमेकाले धरून राहा.” दुसऱ्याच दिवशी तुम्ही देव्हारा उचलून अरुणावतीच्या डोहात सोडलात, मातेच्या टाकासकट. माय त्याच संध्याकाळी तुमचं घर सोडून माझ्याकडे आली. एकमेकांना धरण्याचं तिथेच राहिलं.

गेल्या आठवड्यात सत्यशीला म्हणाली, “बाबा, सुई ठेवा न जी पान्यावर.” हा तिचा आवडता खेळ. मी वाटीत पाणी घेऊन ठेवली.

“तरंगून राह्यली का?”

“हो.”

“मले दिसत नाही. हात लावून पाहू?”

मी नको म्हणेपर्यंत तिचं बोट पोचलं होतं. सुई तळाला गेली. ती पाण्यावर बोटं फिरवत राहिली, “कुठी गेली, बाबा?” इतकी वर्षं शिकवतो आहे, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. हा धडा डोळ्यांनीच बघायचा असतो. हात लावला की तो संपतो.

दादा, तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी दिव्याजवळ नेऊन तपासलं. उजेड आहे की अंधार आहे, एवढंच कळेल म्हणाले. मी तेच तेच विचारत राहिलो. शेवटी त्यांनी पुढच्या रोग्याला आत बोलावलं.

मायने आपला चांदीचा वाळा मोडून पातळ पत्र्याचे दोन डोळे करून आणले. मातेला वाहायचे. आणि माता कुठे, तर तुम्ही सोडलीत त्या डोहात. मी रागावलो, समजावलं, हात जोडले. ती म्हणाली, “तुह्या डाक्टरनं त हात टेकले. मंग मले काहून अडवतं?”

गुरुवारी आम्ही आर्णीला आलो होतो. तुमच्या कानावर आलं असेल तर ते खरं आहे. तुमचं घर टाळून, लांबच्या वाटेने नदीत उतरलो.

डोहाचं पाणी हलत नव्हतं. मायने डोळ्यांना तेल-कुंकू लावलं आणि ते अलगद पाण्यावर ठेवले. ते बुडेनात. पातळ पत्रा, त्याला तेल, आणि ठेवणारा हात इतका हळुवार. का तरंगले ते माझ्या वर्गातल्या कोणत्याही पोराने सांगितलं असतं. माय मात्र मटकन खाली बसली. “माता घेत नाही रे देवराव. तुह्या दादानं, उकंडानं बुडवली तिले, ते कायले घेईन आता?” अशी रडली की मला बघवेना.

मग मी वाकलो आणि बोट लावलं. आधी एका डोळ्याला, मग दुसऱ्याला. दोन्ही खाली गेले.

“घेतले! घेतले तिनं!” माय म्हणाली. घरी येऊन तिने सत्यशीलेलाही सांगितलं. तेव्हापासून पोरगी सकाळी उठली की विचारते, “बाबा, आज दिसन का?” आणि मी म्हणतो, बघू.

देवाला भ्यालो नाही, दादा. मायच्या रडण्याला भ्यालो. आता मायला खरं सांगता येत नाही, पोरीला खोटं सांगवत नाही. तुम्हाला राग येणारच. पण तो इथे येऊन काढा. वर कोणी नाही हे मी अजूनही मानतो, म्हणून तर तुम्हाला बोलावतो आहे.

सत्यशीलेच्या खाटेजवळ आलात की आधी आवाज द्या. ती हात पुढे करेल. तो धरा.

तुमच्या दाराशी न येता परत गेलेला,
तुमचा धाकटा
देवराव